उंदीर, पिंजरा आणि प्लेग

श्रोते हो, आज ज्या विषयावर आपणांशी बोलावयाचे आहे तो ऐकून काही जणांच्या भुवया वर चढतील. विषय आहे उंदीर धरण्याचा पिंजरा. इतिहासाच्या भाषणात तलवारी, किल्ले, तह आणि राज्यारोहणे यांची आपणांस सवय. त्या मांदियाळीत हा तारेचा क्षुद्र पिंजरा कोठे बसावयाचा? तथापि मुंबई इलाख्याच्या एका तपाच्या इतिहासात या पिंजऱ्याने जे काम केले ते पुष्कळ अधिकारसंपन्न माणसांना साधले नाही, असे माझे मत आहे. ते आपणांपुढे सप्रमाण मांडावे, एवढाच आजचा हेतू.

आरंभ घरापासूनच करतो. मी सीवूड्सला राहतो. आज जेथे आमच्या इमारती उभ्या आहेत तेथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खारफुटी होती. दारावे, करावे, नेरूळ ही आगरी-कोळ्यांची गावे खाडीच्या भरती-ओहोटीवर आपला दिवस मोजीत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवे शहर वसू लागले. माणसे आली, माणसांमागोमाग धान्य आले, धान्यामागोमाग खरकटे आले आणि खरकट्यामागोमाग उंदीर आले. आमच्या इमारतीत मागील पावसाळ्यानंतर त्यांचा उपद्रव इतका वाढला की सभासदांची खास सभा बोलवावी लागली. एक पक्ष म्हणाला, विष टाका. दुसरा म्हणाला, गणपतीचे वाहन आहे, जिवे मारू नका. पिंजऱ्यात धरा आणि खाडीकाठी सोडून द्या. विषवाल्यांचे बहुमत झाले. विषाच्या वड्या टाकल्या गेल्या आणि आठवड्याने साऱ्या इमारतीत दुर्गंधी सुटली. मेलेले उंदीर नळांच्या पोकळीत आणि कचऱ्याच्या खोलीमागे पडलेले होते. आमचा सफाईचे काम करणारा तरुण ते उघड्या हातांनी शेपटीला धरून एकामागून एक टोपलीत टाकीत होता. ते दृश्य पाहून माझ्या अंगावर शहारा आला, कारण मला माझी आजी आठवली.

माझी आजी सातारा जिल्ह्यातील. तिच्या लहानपणी गावात ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द उच्चारले की चुली विझत. घरात मेलेला उंदीर दिसला, म्हणजे भांडीकुंडी, धान्य आणि गुरे घेऊन सारे गाव शिवारात जाई आणि झोपड्या घालून राही. मेल्या उंदराला हात लावावयाचा नाही, घरातील वस्तूंचा मोह धरावयाचा नाही, गावात परत शिरण्याची घाई करावयाची नाही, असा त्या बायाबापड्यांचा नियम होता. तो कोणत्या शास्त्रावर उभा आहे हे तिला ठाऊक नव्हते. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला मनुष्य. मलाही ते पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. वर्गात ‘१८९७, पुण्याचा प्लेग, रँडचा वध’ एवढे शिकवून मी पुढे जात असे. निवृत्तीनंतर सवडीने वाचावयास लागलो तेव्हा उमगले की त्या धड्यातील मुख्य पात्र मी कधी मुलांपुढे आणलेच नव्हते. ते पात्र म्हणजे उंदीर.

आता आपण १८९६ च्या सप्टेंबरात जाऊ. मुंबईच्या मांडवी भागात, बंदरालगत, धान्याच्या वखारी आणि त्यांवरच दाटीने वसलेली बिऱ्हाडे होती. तेथे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांस गाठ आणि तीव्र ज्वर असलेले रोगी आढळू लागले, आणि हा गाठीचा प्लेग आहे असे त्यांनी निर्भयपणे जाहीर केले. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे सापडला होता. मांडवीच्या वखारींत उंदीर मोठ्या संख्येने मरत आहेत, हेही लोकांनी पाहिले होते. परंतु पाहणे निराळे आणि अर्थ लावणे निराळे. वाणी-उदमी भ्याले, गिरणीकामगार भ्याले आणि आगगाड्या भरभरून लोक मुंबई सोडून गेले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती ७ लाख ७६ हजारांवर आलेली दिसते. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, यावरून त्या आपत्तीचे माप घ्यावे.

सरकारने हालचाल केली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. हालचाल पुष्कळ केली. रोग घाणीतून आणि माणसांच्या संसर्गातून पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून गटारांतून कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले. भिंतींना चुना लावला, कौले काढून घरांत ऊन घेतले, सामानसुमान जाळले. गटारे धुतल्यामुळे तेथील उंदीर बाहेर पडून घरांत शिरले असावेत, असे पुढे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या कायद्याच्या बळावर रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या, रोग्यांस रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्यांस विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात आले.

पुण्यात जे झाले ते आपणांस ठाऊकच आहे. मार्च १८९७ पासून रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, काही म्हणता काही त्यांनी सोडले नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्टही मारला गेला. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी एका मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. आणि याच काळात, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. सक्तीचा मार्ग आणि सेवेचा मार्ग, दोन्ही त्या एकाच मार्च महिन्यात पुण्याने पाहिले.

श्रोते हो, माझे म्हणणे येथून सुरू होते. त्या पहिल्या काही वर्षांत छावण्या, कुंपणे, पहारे आणि झडत्या, म्हणजेच एका अर्थी पिंजरे, तयार झाले ते माणसांसाठी. ज्यास पिंजऱ्यात धरावयाचे तो मात्र वखारीत मोकळा होता.

हे ओळखणारा पहिला मनुष्य मुंबईत येऊन गेला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पाठविलेले डॉक्टर पॉल लुई सिमाँ मुंबई, कच्छ, कराची असे हिंडले. काही रोग्यांच्या पायावर एक बारीक फोड असतो आणि तो कीटकाच्या दंशासारखा दिसतो, ही गोष्ट त्यांनी टिपली. मेलेल्या उंदराला हात लावणारा आजारी पडतो. पण तोच उंदीर मरून काही काळ लोटल्यावर हाताळला तर बहुधा बाधा होत नाही, हेही त्यांनी पाहिले. मग त्यांनी २ जून १८९८ रोजी कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. आजारी उंदीर मेला आणि थोड्याच दिवसांत पिंजऱ्यातला निरोगी उंदीरही प्लेगने मेला. जेथे पिसवा नव्हत्या तेथे शेजार असूनही रोग गेला नाही. इतके स्पष्ट प्रमाण असूनही पुढे बसलेल्या सरकारी प्लेग कमिशनने सिमाँचे मत मान्य केले नाही.

सात वर्षे अशीच गेली. मध्यंतरी डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. या परळशी संबंधित असलेले डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी १९०३ च्या सुमारास एक नामी युक्ती योजिली. ज्या घरात उंदीर पडले आहेत आणि माणसे सोडून गेली आहेत त्या घरात त्यांनी गिनी पिग हे सशासारखे छोटे प्राणी मोकळे सोडले. दुसऱ्या दिवशी ते प्राणी पकडून तपासले, तो त्यांच्या अंगावर भुकेल्या पिसवा चढलेल्या, आणि त्या पिसवा माणसाच्या नसून उंदराच्या. गिनी पिग हा येथे पिसवांचा सापळाच झाला. लिस्टन यांचा यावरील निबंध बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ साली छापला गेला. ज्या संस्थेचे नाव आपण पक्षी आणि वाघ यांच्याशी जोडतो, तिच्या पानांवर प्लेगाचे कोडे उलगडले जात होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९०५ साली नवे संशोधक मंडळ परळला बसले आणि तेथे पिंजऱ्याचा खरा इतिहास घडला. या मंडळाने उंदीर धरले ते केवळ मारण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. शहराच्या निरनिराळ्या भागांत नेमलेली माणसे दररोज पिंजऱ्यात सापडलेले आणि मरून पडलेले उंदीर गोळा करून आणीत. प्रत्येक उंदराबरोबर तो कोणत्या रस्त्यावर, कोणत्या घरी सापडला याची नोंद असे. परळला त्याची जात ठरवीत, त्यास चिरून प्लेगची चिन्हे पाहत आणि नकाशावर खूण करीत. एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर याप्रमाणे तपासले गेले. शीव, वडाळा, परळ आणि वरळी ही त्या वेळची खेडी निराळी अभ्यासण्यात आली. ज्या नेमलेल्या माणसांनी हे लाखभर उंदीर हातांनी उचलून आणले, त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. पण त्यांच्या श्रमावाचून पुढील एकही अक्षर लिहिले गेले नसते.

या नोंदींतून काय दिसले? मुंबईत मुख्यतः दोन जातींचे उंदीर होते. एक गटारात राहणारा, अंगाने मोठा, तपकिरी. दुसरा घरात, आढ्यावर आणि भिंतींत राहणारा काळा उंदीर, जो माणसाचा अगदी सोयरा. प्लेग प्रथम गटारातल्या उंदरांत वाढे. सुमारे दहा दिवसांनी तो घरातल्या उंदरांत वाढे. आणि त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत वाढे. पायऱ्या उतरल्याप्रमाणे हा क्रम होता. म्हणजे पिंजऱ्यातील उंदीर नीट वाचता आला, तर माणसांवरील संकट दोन-तीन आठवडे आधी कळू शकत होते!

मंडळाने टांगत्या पिंजऱ्यांचेही प्रयोग केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागी जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांस रोग झाला. दोन फुटांवर टांगलेले वाचले, कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाही. भोवती चिकट कागद अंथरला किंवा बारीक जाळी लावली, तरी आतील प्राणी वाचले. हवा तीच, जागा तीच, फरक एवढाच की पिसू पोहोचली नाही. येणेप्रमाणे घाण, हवा आणि स्पर्श यांची जुनी मते कोसळली. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून माणसाकडून माणसास होतो, हे खरे; पण मुंबई-पुण्यात जो गाठीचा प्लेग थैमान घालीत होता तो मुख्यतः उंदराच्या पिसवेचा रोग होता. १८९७ साली जे सोजीर माजघरात रोगी शोधीत होते, ते भलत्याच प्राण्याची झडती घेत होते.

आता आमच्या सीवूड्सच्या सभेतील प्रश्नाकडे वळता येईल. उंदरांमुळे रोग होतो, तर दिसेल तो उंदीर मारून टाकावा, हे सरळ उत्तर नव्हे काय? येथेच मोठी खोच आहे. पिसू ही उंदराच्या उबेवर जगते. उंदीर मेला, अंग गार पडले, की ती त्यास सोडते आणि दुसरे ऊबदार शरीर शोधते. दुसरा उंदीर न मिळाला तर माणूस आहेच. म्हणून प्लेगच्या दिवसांत अविचाराने उंदीर मारणे म्हणजे पिसवांस बिऱ्हाड बदलावयास लावणे होय. आजीच्या गावाने मेल्या उंदराला हात न लावता शिवार गाठले, त्यामागे हेच शास्त्र अजाणता उभे होते. पुढे १९४० नंतरच्या दशकात कीटकनाशक भुकटी हाती आली, तेव्हा शहाण्यांनी क्रमच ठरविला: आधी पिसू, मग उंदीर.

नियमावाचून धरपकड केली की काय होते याचा एक विनोदी, पण बोधप्रद दाखला व्हिएतनाममधील हनोई शहराचा आहे. १९०२ साली तेथील फ्रेंच सरकारने उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग जमू लागले. उंदीर मात्र कमी होईनात. शोध घेता असे दिसले की लोक उंदीर धरून नुसती शेपूट कापीत आणि त्यास पुन्हा वीण वाढवावयास सोडून देत. काहींनी तर उंदीर पाळावयास सुरुवात केली होती. शेपटी मोजली, उंदीर मोजला नाही; आणि रोग तर कोणीच मोजला नाही. परळच्या चिठ्ठीत आणि हनोईच्या शेपटीत जे अंतर आहे, तेच नियमबद्ध आणि बेबंद धरपकडीतले अंतर होय.

याचा अर्थ पिंजऱ्याने प्लेग जिंकला, असे मात्र कोणी समजू नये. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर सांगितले पाहिजे की हे सारे कळत असतानाच, १९०७ या एका वर्षात, हिंदुस्थानात प्लेगने १३ लाखांहून अधिक माणसे मेली. १९१८ पर्यंतची एकूण संख्या एक कोटीच्या वर जाते. ज्ञान परळच्या नकाशावर होते. गावोगावच्या धान्याच्या कणगीपर्यंत ते पोहोचले नव्हते. पिंजऱ्याची मर्यादाही होतीच. उंदराच्या मादीस गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रसवक्षम होतात. शंभरांतील पन्नास उंदीर धरले, तर उरलेल्या पन्नासांस दुप्पट अन्न आणि दुप्पट जागा मिळते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जो दीर्घ अभ्यास झाला त्याचा निष्कर्ष हाच: उंदरांची संख्या ठरते ती अन्नावर आणि आसऱ्यावर. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते, हवेशीर चाळी आणि दादर-माटुंग्याची नवी वस्ती उभारली. त्या कामात गरिबांची घरे पाडण्याचा अन्यायही झाला. पण वखार आणि बिऱ्हाड वेगळे करण्याची दिशा योग्य होती. शिवाय मुंबईच्या उंदरांच्या पिढ्यांनी प्लेग सोसून सोसून त्यास तोंड देण्याची शक्ती मिळविली, तर जेथे प्लेग फारसा पोहोचला नव्हता त्या मद्रासचे उंदीर त्या रोगास सहज बळी पडत, हेही उंदीर धरून केलेल्या प्रयोगांतूनच कळले.

म्हणून पिंजरा हे शस्त्र म्हणून मध्यम प्रतीचे आहे. डोळा म्हणून मात्र उत्तम आहे. हा डोळा मिटला की काय होते ते आपण आपल्याच काळात पाहिले. १९६६ नंतर २८ वर्षे भारतात प्लेगचा रोगी नोंदला गेला नाही, तेव्हा साहजिकच उंदरांवरील पाळत सैल झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबादकडे भीषण भूकंप झाला. लोकांनी घरे सोडली, धान्य पडक्या घरांत राहिले आणि उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागले, घरांत पिसवा झाल्या आणि गाठीचे रोगी निघाले. पुढल्याच महिन्यात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. पन्नासाहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९६ चीच आगगाडी जणू पुन्हा सुटली! आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे मेली. त्या रोगाचा जंतू उंदरांच्या मूत्रातून तुंबलेल्या पाण्यात मिसळतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री विजेरी आणि काठी घेऊन गल्ल्यांतून हिंडतात, पिंजरे लावतात, बिळे बंद करतात. त्या बिचाऱ्यांकडे पाहून आपण नाक मुरडतो. वास्तविक ते परळच्या त्या अनाम माणसांचे वारस होत.

आता गावाबाहेर, रानाकडे, थोडे पाहू. कारण पिंजऱ्याचा हाच न्याय तेथेही लागू पडतो. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, ती सापळे लावूनच. आणि आरंभ केला आपल्या खानदेशातून. कोणता उंदीर कोठे राहतो हे त्यामुळे नेमके समजले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांस ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी रानातील लहान प्राणी आणि त्यांवरील गोचिड्या धरून त्या रोगाचा माग काढला. हाच माकडताप २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे उद्भवला. १९५९ पासून डॉक्टर सालीम अली यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हजारो पक्षी पकडून, पायात वाळा घालून सोडले. स्थलांतरी पक्षी रोगाचे जंतू वाहून आणतात काय, हा त्यामागील एक प्रश्न होता. आमच्या सीवूड्सच्या पाणथळीवर दरसाल जे रोहित पक्षी उतरतात त्यांच्या काही भाऊबंदांस २०२२ साली ठाणे खाडीत धरून, पाठीवर बारीक यंत्र बांधून सोडण्यात आले. ते उन्हाळ्यानंतर कोठे जातात हे त्यावरून कळू लागले. धरले, नोंदले, सोडले. येथे फास आहे, पण हत्या नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे दिसू लागले तेव्हा २००१ च्या सुमारास ते मोठ्या प्रमाणावर पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. लोकांस वाटले, पीडा टळली. परंतु पुढे अभ्यासकांनी आकडे मांडले तेव्हा दिसले की जुन्नर भागात पूर्वी वर्षास सरासरी ४ हल्ले होत असत. ही हलवाहलव चालू असता ते सरासरी १७ झाले. आपल्या मुलखातून उपटून अनोळखी जागी टाकलेला प्राणी भांबावतो, परत फिरतो, अधिक धोकादायक होतो. आणि त्याची रिकामी जागा दुसरा घेतो. हनोईच्या शेपटीचाच हा मोठा अवतार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्यास पकडणे आणि सापळा लावणे यांचाही समावेश केला, आणि ही परवानगी वनखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती ठेवली. उंदरासाठी लावलेल्या पिंजऱ्यात मुंगूस, ऊदमांजर किंवा धामण सापडली, तर ती मारण्याचा अधिकार आपणांस नाही. उलट ती तिन्ही उंदरांची शत्रू आहेत; त्यांस सोडून देण्यातच आपला स्वार्थ आहे.

विषाच्या त्या प्रसंगानंतर पुढल्या सभेत मी उठून ही सारी हकीकत सांगितली. शिक्षकाची जात, बोलावयास लागलो की घड्याळ दिसत नाही. पण लोकांनी ऐकले. आता आमच्याकडे पिंजरे आहेत, आणि पिंजऱ्यांजवळ एक वही आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती उंदीर सापडले, हे मी मुलांच्या हजेरीपटाप्रमाणे लिहितो. खोबऱ्याच्या तुकड्यापेक्षा सुक्या बोंबलावर आमचे उंदीर अधिक जीव टाकतात, हा माझा स्वतःचा अल्पसा शोध! महिनाभराने वही उघडली तर बहुतेक नोंदी दोनच जागांच्या: कचऱ्याची खोली आणि तळमजल्यावरील एक फुटके गटार. गटाराची झाकणे बदलली, ओला कचरा रात्री उघडा ठेवणे बंद केले, आणि वहीची पाने आपोआप रिकामी पडू लागली. जे काम विषाच्या वड्यांनी झाले नाही ते दोन झाकणांनी केले. परंतु ती झाकणे कोठे बसवावी हे पिंजऱ्याने सांगितले. ‘खाडीकाठी सोडून द्या’ म्हणणाऱ्या आमच्या मित्रांसही पटले की एका दाराची पीडा दुसऱ्या दारी, दाराव्याच्या कोळीवाड्यात, नेऊन टाकणे ही भूतदया नव्हे.

आणि तो सफाईचे काम करणारा तरुण? त्याच्या हातांत आता रबराचे मोजे आहेत, पायांत गमबूट आहेत, आणि उंदीर उचलावयास लांब चिमटा आहे. हा खर्च मंजूर करताना सभेत थोडी खळखळ झाली, हे नमूद करतो. तेव्हा मी एवढेच विचारले, की १९०५ साली परळला लाखभर उंदीर ज्यांनी उचलून आणले त्यांच्या हातांत काय होते? कोणी उत्तर दिले नाही. पण ठराव मंजूर झाला.

श्रोते हो, साथ आली की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस प्रथम माणसालाच कोंडावयास धावतो. पुण्याने त्याची किंमत रक्ताने मोजली. खरा रोग कोठे दडला आहे हे शोधावयास धीर लागतो, नोंद लागते, आणि मेलेल्या उंदरासारख्या किळसवाण्या वस्तूकडे निरखून पाहण्याची तयारी लागते. पुढल्या वेळी आपल्या जिन्याखाली गंजलेला तारेचा पिंजरा दिसला, तर त्याकडे क्षणभर आदराने पाहावे. आणि शक्य झाल्यास त्याच्या शेजारी एक वही ठेवावी.